थंडीच्या तोंडावर अंगणातली बाज-बाकडी झाकून ठेवू नका, दुरुस्त करा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

थंडीची चाहूल लागली की दरवर्षी एक सल्ला पेपरात पण येतो आणि मोबाईलवर पण फिरतो, की बाहेरचं फर्निचर धुवून घ्या, कव्हरमधे गुंडाळा आणि उन्हाळा येईपर्यंत आत ठेवून द्या. तुमच्या पुरवणीत पण नुकतंच असंच काहीतरी आलं होतं. मी परभणीत सुतारकाम करतो, बाजा, बाकडी, झोपाळे, खुर्च्या सगळं दुरुस्तीला येतं माझ्याकडं, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. तो सल्ला ज्या देशातला आहे तिथं बरोबरच असेल, पण आपल्या हवेला तो लागू पडत नाही. मराठवाड्यात कुणी तो जसाच्या तसा पाळला तर चांगली वस्तू खराब होईल आणि बाहेर बसायचे जे खरे दिवस आहेत तेच वाया जातील.

तिकडं युरोपात थंडीत बर्फ पडतो, पाणी गोठतं. लाकडाच्या भेगेत, दगडाच्या फटीत, लोखंडी पाइपात साचलेलं पाणी गोठलं की जवळपास ९ टक्के फुगतं आणि फुगताना लाकूड, दगड, कुंडी, जे असेल ते फोडतं, म्हणून ते लोक बर्फाच्या आधी सगळं उचलून आत नेतात. आपल्याकडं परभणीचा पारा पहाटे कधी एक आकडी होतो, त्याची बातमी पण येते तुमच्याकडं, पण दुपारी परत २८-३० अंश असतंच की. आपल्या भागात पाणी गोठून बाक फुटला असं काही होत नाही. आपल्याकडं वस्तू मरते ती चार महिने मुरलेल्या ओलीनं, नंतर एकदम सुटणाऱ्या कोरड्या वाऱ्यानं आणि मार्चपासूनच्या उन्हानं.

आणि आपल्याकडं थंडी म्हणजे तर बाहेर बसायचाच हंगाम आहे ना. उन्हाळ्यात ४२-४३ अंशात कोण बसतंय अंगणात, पावसाळ्यात चिखल. सकाळचं कोवळं ऊन खायला म्हातारी माणसं बाजंवर येऊन बसतात ती आत्ताच, ज्वारी हुरड्यावर आली की शेतात पाहुणे येतात ते आत्ताच, आणि लातूर-धाराशिवकडं तर येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, अख्खं गाव शेतात असतं. मग खुर्च्या नेमक्या ह्याच दिवसात गुंडाळून ठेवायच्या का? माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडं थंडीची तयारी म्हणजे दुरुस्तीची वेळ, आणि ती वेळ दिवाळी ते येळवस ह्या मधल्या दिवसातच आहे, त्याच्या आधी पण नाही आणि नंतर पण नाही.

आधी का नाही ते सांगतो. ऑक्टोबरात पाऊस परतला तरी लाकूड आतून ओलंच असतं, वरून हाताला कोरडं लागतं म्हणून लोक दसऱ्यालाच रंग मारून मोकळे होतात, मग आतली ओल बाहेर पडायला बघते आणि रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात. तेल लावलं तर ते आत शिरतच नाही. पाऊस थांबल्यावर दोन-तीन आठवडे वस्तू मोकळ्या हवेत राहू द्यायची, पण थेट भर उन्हात नाही, ओसरीला किंवा झाडाखाली. भर उन्हात ओलं लाकूड वरून झपाट्यानं वाळतं आणि आत ओलं राहतं, त्या ओढाताणीतच तडा जातो. तडा बहुतेक टोकाकडून सुरू होतो कारण लाकडाची ओल आडव्या अंगापेक्षा कापलेल्या टोकातून किती तरी लवकर निघून जाते. म्हणून बाकाच्या फळीची टोकं, पायाचे खालचे तळवे, हात टेकायच्या दांड्याचं पुढचं टोक, ह्या जागी तेल दोन-तीनदा लावायचं आणि बाकी अंगाला एकदा-दोनदा लावलं तरी चालतं. बहुतेक लोक ह्याच्या उलट करतात, वरची फळी चकचकीत आणि पायाचे तळवे कोरडे ठणठणीत.

नंतर का नाही, तर संक्रांतीपर्यंत थांबलं की कोरड्या वाऱ्यानं आपलं काम केलेलं असतं. लाकूड लांबीला फारसं आटत नाही, रुंदीला आटतं. त्यामुळं फळ्यांमधल्या फटी वाढतात, सांधे ढिले होतात, पाय डुगडुगायला लागतात. अशा डुगडुगत्या बाकावर माणसं बसत राहिली की सांध्याचं भोक मोठं होत जातं आणि मग नुसत्या गोंदानं काम होत नाही, पाचर मारावी लागते नाहीतर पायच बदलावा लागतो. दिवाळीनंतर लगेच आणलं तर थोड्या पैशात होणारं काम उन्हाळ्यात चौपट पैशाला जातं. माझा धंदा त्यात वाढत असेल, तरी पण मला ते बरं वाटत नाही, चांगलं जुनं सागवान डोळ्यादेखत वाया गेलेलं बघवत नाही.

सागवानाचा विषय निघालाच आहे तर अजून थोडं सांगतो. आपल्याकडं किनवट-माहूरच्या बाजूला सागाचं जंगल आहे, जुन्या वाड्यांमधून निघालेलं सागवान पण पुष्कळ घरात आहे. बाहेर ठेवलेलं सागवान एक-दोन वर्षात करडं पडतं आणि लोकांना वाटतं कुजलं. ते कुजलेलं नसतं. उन्हानं वरचा अगदी पातळ थर बदलतो आणि पाऊस तो धुवून नेतो, एवढंच. आधी ८० नंबरचा आणि मग १२० चा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनं फिरवा, आडवा बिलकुल नको, खाली तोच सोनेरी रंग निघतो. फक्त एक बघा, सागाचा मधला गाभा टिकतो, त्याला स्वतःचं तेल असतं आणि वाळवी सहसा लागत नाही, पण कडेचा फिक्या रंगाचा भाग तेवढा दमाचा नसतो. हल्ली स्वस्तातल्या ‘सागवानी’ बाकांना हा फिका भागच जास्त असतो, बघून घ्या.

तेल कोणतं, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. जवसाचं. जवस आपल्याच रानातलं पीक आहे, पूर्वी करडईच्या आणि ज्वारीच्या जोडीनं सगळीकडं दिसायचं. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होतं आणि लाकडात बसून जातं. शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं तेल कधीच वाळत नाही, चिकट राहतं, त्यावर धूळ बसते आणि मुंग्या लागतात, घरात उरलेलं गोडंतेल आहे म्हणून ते बाकाला चोपडू नका. जवसाचं कच्चं तेल वाळायला लै दिवस लागतात म्हणून रंगाच्या दुकानात उकळलेलं जवस तेल मागायचं, पहिल्या हाताला त्यात थोडं टर्पेंटाईन टाकून पातळ करायचं म्हणजे आत मुरतं, आणि लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. पुसलं नाही तर चिकट थर बसतो आणि मग लोक तेलाला नावं ठेवतात.

इथं एक गोष्ट मी हात जोडून सांगतो आणि ही तुम्ही ठळक छापा साहेब. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात, डब्यात किंवा गोणीत टाकायची नाहीत. हे तेल वाळताना गरम होतं, गोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता, ठिणगी न पडता ते फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काम झालं की फडकी बाहेर मोकळ्या जागी एक एक पसरून वाळवायची नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. लाकडाच्या भुश्यात तर टाकायचीच नाहीत. घरी स्वतः तेल लावणाऱ्याला हे माहीत नसतं, दुकानदार पण सांगत नाही.

काही लोक घरातल्या कपाटाला मारतात तसं चपड्याचं (लाखेचं) पॉलिश बाहेरच्या बाकाला मारून घेतात, दिसतं सुंदर, पण दवानं आणि पाण्यानं त्यावर पांढरे डाग पडतात, बाहेरच्या वस्तूला ते नकोच. वार्निशचं पण तसंच, वरती काचेसारखा थर बसतो, उन्हानं तो तडकतो, तडकलेल्या जागेतून पाणी खाली जातं आणि पापुद्रे सुटले की सगळं घासून परत पहिल्यापासून. तेलाचं बरं असतं, दरवर्षी दिवाळीनंतर वरून एक हात मारला की झालं.

आता बाज. ही आपल्या मराठवाड्याची खरी बाहेरची बैठक आणि हिच्याकडंच सगळ्यात कमी लक्ष. सुती नवार असो, सुतळी असो, अंबाडीचा नाहीतर केकताडाचा दोर असो, अस्सल धाग्याची दोरी ओली झाली की फुगते आणि लांबीला आखडते, वाळली की परत सैल पडते. पावसाळ्यात बाहेर राहिलेली बाज इतकी ताणते की कधी कधी माचव्याचा, म्हणजे बाजेच्या चौकटीचा, सांधाच वाकडा होतो, आणि थंडीत तीच बाज झोळीसारखी खाली येते. म्हणून दोरी ओढायची ती पूर्ण वाळल्यावर, कार्तिकात, आणि पावसाळ्याच्या आधी पायथ्याकडची थोडी सैल सोडायची. आधी बाज उभी करून दोन्ही बाजूनं ऊन द्या, ढेकणं असतील तर पायांच्या सांध्यात आणि दोरीच्या गाठीत लपलेली असतात, तिथं उकळतं पाणी सोडा आणि परत कडक वाळवा. कुजलेल्या दोरीची परीक्षा सोपी आहे, एक पदर वेगळा करून दोन बोटात पिळा, भुगा झाला तर ती बाज बदलायला झाली, नुसती ओढून उपयोग नाही, म्हाताऱ्या माणसाच्या अंगाखाली तुटेल. नायलॉनची पट्टी लावून घेतात आजकाल, ती पाण्याला टिकते पण उन्हाला कमी टिकते, तिला सावलीत ठेवा. माचवा बाभळीचा असेल तर त्याला सहसा फारसं काही होत नाही, फक्त पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा.

फरशीचं का म्हणतो, तर आपली काळी माती. पावसात ती फुगते, थंडी पडली की वाळते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळं जमिनीवर ठेवलेल्या किंवा गाडलेल्या बाकाचा एक पाय अधांतरी राहतो. चार पायांचं वजन तीन पायांवर आलं की सांधा निखळतो, लाकूड कितीही चांगलं असू द्या. आणि वाळवी येते ती पण ह्याच मातीतून, पायाच्या तळव्याला. गाडलेला बाक असेल तर खालची काळी माती काढून मुरूम भरून चोपून घ्या, मोकळा बाक असेल तर चारी पायांखाली शहाबादीचे तुकडे एका पातळीत बसवा. एवढं काम दिवाळीच्या सुट्टीत पोरं पण करतील. बाक, खुर्च्या हलवताना आधी उलट्या करून, आपटून बघा, चार महिने पडून असलेल्या वस्तूखाली विंचू असतो, खुर्चीच्या खालच्या अंगाला गांधीलमाशीचं पोळं असतं, पोरांना सांगून ठेवा.

धुण्याबद्दल. पाईप लावून फवारा मारायची गरज नाही, ज्या लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या मराठवाड्यात तर नाहीच. एक बादली कोमट पाणी, थोडा भांड्याचा साबण आणि मऊ ब्रश पुरतो. पण पुराचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, सिंदफणा, सीना सगळीकडं जे झालं ते आपण बघितलं, तशा वेळी मात्र गाळ सुकू न देता लगेच भरपूर पाण्यानं धुवून काढावा लागतो, एकदा तो सांध्यात वाळून बसला की ओल धरून ठेवतो आणि लाकूड आतून कुजतं. अशी वस्तू वाळायला दोन-तीन आठवडे पुरत नाहीत, तिला ह्या वर्षी रंग नकोच, नुसती सावलीत उभी करून ठेवा आणि पुढच्या कार्तिकात बघा. शहाबादीच्या बाकाला ॲसिड लावू नका, तो चुनखडीचा दगड आहे, ॲसिडनं वरचा थर खाल्ला जातो आणि कायमचा खरखरीत होतो.

वेताच्या खुर्च्यांना ह्या सगळ्याच्या उलट पाहिजे. वेताला आपली थंडीची कोरडी हवा सोसत नाही, तो तडतडतो आणि काड्या मोडतात. महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं सगळीकडून पुसून सावलीत वाळवायच्या, आणि हंगामात एकदा जवस तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा.

लोखंडी खुर्च्या, झोपाळ्याची चौकट, गेटजवळचं बाकडं. गंज आधी वेल्डिंगच्या जोडाला आणि पायाच्या तळाला लागतो, तिथंच बघा. तारेच्या ब्रशनं सगळा सुटा गंज काढल्याशिवाय रंग मारून काही उपयोग नाही, गंजावर मारलेला रंग पुढच्या पावसाळ्यात गंजासकट निघून येतो. घासल्यावर लगेच त्याच दिवशी रेड ऑक्साईड (गंज रोखणारा प्रायमर) मारायचा, उघडं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही कारण थंडीत आकाश निरभ्र असलं की रात्री लोखंड हवेपेक्षा पण थंड होतं आणि त्याच्यावर दव पडतं, सकाळी बघाल तर पिवळी झाक आलेली असते. ह्याच दवामुळं थंडीत रंगाचं काम सकाळी दहाच्या आधी सुरू करू नये आणि दुपारी तीनच्या पुढं ओढू नये, ओल्या रंगावर दव पडलं की चमक जाते. एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ हात मारा. जीआयच्या (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपावर साधा ऑइल पेंट धरत नाही, त्याचा वेगळा प्रायमर मिळतो. पाइपाच्या खुर्चीच्या पायाचे रबरी बूच गेले असतील तर नवे बसवा, पण त्याआधी खुर्ची उलटी करून आत साठलेलं पाणी काढा. झोपाळ्याला ग्रीस लावतात सगळे, पण कडी जिथं कडीत अडकते ती जागा किती झिजली ते कुणी बघत नाही. अर्ध्याला आली असेल तर लगेच बदला, पोरं बसतात त्यावर.

प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हात फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर उन्हानं तिचा जीव गेलेला आहे, तेल, पॉलिश कशानं पण तो परत येत नाही. जाड माणूस बसला म्हणून मोडली असं लोक म्हणतात, ती तर आधीच मेलेली असते. मंगल कार्यालयातल्या खुर्च्यांचं पण हेच आहे. अशी खुर्ची बसायला वापरू नका, भंगारात द्या. चांगल्या असतील त्या आत्ता वापरा आणि होळीच्या आत सावलीला घ्या.

आणि ते कव्हर. प्लॅस्टिकचं मेणकापड घट्ट बांधून ठेवलं की जमिनीची ओल खालून वर येते, दिवसा तापते आणि रात्री आतल्या बाजूनं थेंब धरते. लाकडाला बुरशी, लोखंडाला गंज, गादीला वास. गावाला जाणार असाल आणि झाकायचंच असेल तर ताडपत्री वरून छपरासारखी टाका, खालून वीतभर तरी मोकळं ठेवा. घरीच असाल तर झाकू नका, वापरा. थंडीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो म्हणून बाक घराच्या दक्षिण बाजूला घ्या, म्हाताऱ्या माणसांना सकाळपासून ऊन मिळेल.

आता आपल्या सगळ्यांच्या बाकांबद्दल. आमच्या भागातल्या बागेत लोखंडी बाकडी आहेत, त्यांना रंग लागतो तो मार्चअखेरीला, बिलं निघायच्या वेळी. गंज तसाच, वरून रंग, तो पण जाड, आणि पावसाळ्यात सगळं उकलून येतं. सकाळी फिरायला येणारे कितीतरी आजी-आजोबा गुडघ्यांमुळं दर दहा मिनिटांनी टेकतात, त्यांना बसायला धड पट्टी नाही, दोन ठिकाणी पट्ट्या निघून नुसते खिळे वर आलेले आहेत. तेच काम नोव्हेंबरात केलं, गंज काढून, रेड ऑक्साईड मारून, पातळ दोन हात, तर त्याच पैशात ते जास्त वर्षं टिकेल आणि थंडीभर लोकांच्या कामाला येईल. कंत्राटात नुसतं ‘रंगकाम’ लिहू नका, गंज काढणं आणि प्रायमर वेगळं लिहा आणि ते झाल्यावर वरचा रंग लावायच्या आधी कुणीतरी येऊन बघू द्या. आपल्या मराठवाड्यातल्या सगळ्या नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायती आणि बस स्टँडवाल्यांना माझी ही विनंती आहे.

तुम्हाला पण एक विनंती आहे साहेब. बाज विणणारी, नवार भरणारी माणसं अजून आहेत, पण ती कुठल्या गावच्या आठवडी बाजारात कोणत्या दिवशी बसतात हे लोकांना माहीत नसतं, म्हणून लोक बाज भंगारात देऊन प्लॅस्टिक आणतात आणि त्या माणसांना काम मिळत नाही. तुमचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. तालुक्यावार अशी यादी येळवशीच्या आधी एकदा छापा. परभणी तालुक्याची मला जेवढी माहिती आहे तेवढी मी आपल्या कार्यालयात आणून देतो.

आपला,
एक सुतार वाचक, परभणी